साबुदाण्याच्या डब्यातली किल्ली

साउथहॅम्प्टनच्या शर्ली भागात, बसथांब्यापासून तिसऱ्या घरात सोहोनी राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर स्टीलचा एक डबा होता, आणि त्यातला साबुदाणा दहा वर्षांत एकदाही भिजला नव्हता. प्रमोदिनीबाई उपास करत नाहीत. त्यांचे यजमान डॉक्टर शशी सोहोनी यांना खिचडीने छातीत जळजळतं. तरी दर रविवारी सकाळी साडेआठला बाई स्टुलावर चढून तो डबा खाली काढत, पाठमोऱ्या उभ्या राहून त्यात हात घालत आणि डबा पुन्हा जागच्या जागी ठेवून देत.

डब्यात साबुदाण्याखाली एक किल्ली होती. वरच्या मजल्यावरच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत, भिंतीला बोल्टने घट्ट बसवलेलं एक अरुंद पोलादी कपाट आहे, त्याची. आणि कपाटात बाईंची रायफल.

बाईंचं वय एकोणसत्तर, उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. बसमध्ये लोक त्यांना उठून जागा देतात. या बाई रविवारी सकाळी चटईवर पालथ्या पडून पंचवीस यार्डांवरच्या कागदावर नाण्याएवढ्या गोलात दहापैकी नऊ गोळ्या बसवतात, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. त्या सांगतही नाहीत.

सांगलीच्या कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये पॉइंट टू टू रायफल पहिल्यांदा त्यांच्या हातात आली. तिसऱ्या कॅम्पात त्यांना कप मिळाला. लग्नानंतर तो माहेरीच राहिला आणि त्यांच्या भावाने त्यात पेनं ठेवली. पुढे डॉक्टर नवऱ्याबरोबर इंग्लंड, मुलगी, आणि हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं. तिथे दिवसभर मायक्रोस्कोपवर झुकून बसायचं, हात हलू द्यायचा नाही, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. निवृत्त झाल्यावर लायब्ररीतल्या फळ्यावर त्यांना चिठ्ठी दिसली : महिलांसाठी नेमबाजीची ओळख, चहा मोफत. बाई चहासाठी गेल्या असं घरी सांगतात. पहिली गोळी सुटली तेव्हा चाळीस वर्षं मध्ये गेलीच नाहीत असं त्यांना वाटलं. हे मात्र त्या कुणाला सांगत नाहीत.

या देशात स्वतःची रायफल बाळगायची म्हणजे खेळ नव्हे. पोलिसांचं सर्टिफिकेट लागतं, डॉक्टरांचा कागद लागतो, ओळखीच्या माणसांनी हमी द्यावी लागते. दर पाच वर्षांनी सगळं पहिल्यापासून, आणि पोलिसांचा माणूस घरी येऊन कपाट पाहून जातो. रायफल कुलपात आणि कुलपाची किल्ली फक्त सर्टिफिकेटवाल्याकडे. घरातल्या दुसऱ्या कुणाला ती कुठे आहे हे कळताही कामा नये. नवऱ्याला तर नाहीच.

हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा बाईंना हसू आलं. आपले मोजे कुठे आहेत हे या माणसाला कधी कळलं नाही, किल्ली कसली कळते! पण हळूहळू तो नियम त्यांना आवडायला लागला. एवढ्या वर्षांच्या संसारात बँकेचे कागद दोघांचे, औषधांचा डबा दोघांचा, फोनचे पासवर्डसुद्धा दोघांचे. हातभर जागा अशी होती की जी फक्त त्यांची. ती जागा साबुदाण्यात होती, एवढंच.

नवरा-बायकोचा वाद व्हायचा तो वर्षातून एकदा, खंडेनवमीला. डॉक्टरांना शस्त्रपूजेची मोठी हौस. ते मागच्या काचघरात खास झेंडू लावतात. देवघरापुढे पाट मांडून त्यावर स्टेथोस्कोप, बागेतली मोठी कात्री, ड्रिल मशीन, बाईंच्या शिवणयंत्राची कात्री असं सगळं ठेवतात. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आरती होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

"घरात खरंखुरं शस्त्र एकच," दरवर्षी डॉक्टर म्हणायचे, "आणि खंडेनवमीला तेच कुलपात! पूजा कुणाची, तर ड्रिल मशीनची."

"ते शस्त्र नाही, खेळाचं साधन आहे," बाई म्हणायच्या. "आणि रात्रभर बाहेर ठेवायला ते काही ड्रिल मशीन नाही. नियम आहे."

"देवापुढेसुद्धा?"

"अहो, देवघराला कुलूप आहे का?"

इथे वाद संपायचा. डॉक्टर झेंडू निवडायला निघून जायचे.

त्या वर्षी सप्टेंबरात बाईंच्या नेमबाजीच्या क्लबात एक पत्र आलं. चर्चच्या हॉलमागे विटांची लांबट शेड आहे, वर पत्रे, आत विजेची एकच शेगडी, तोच क्लब. पत्र जिल्ह्याच्या नेमबाजी संघटनेकडून होतं. इंटरनेटवरून काडतुसं मागवण्यावर आणखी बंधनं यावीत का, यावर देशात चर्चा चालली होती, आणि संघटनेला सभासदांची मतं हवी होती. आजही इथे गोळ्या पोस्टाने घरी येत नाहीत. कॉम्प्युटरवर मागणी नोंदवली तरी दुकानात स्वतः जाऊन, सर्टिफिकेट दाखवून त्या हातात घ्याव्या लागतात. पण गोळीचे काही सुटे भाग नेटवर मिळतात, आणि ते बंद व्हावेत असं बऱ्याच जणांना वाटत होतं. दुसऱ्या बाजूला काहींना दुकानाची फेरीही नकोशी झाली होती.

टेरी नावाचा निवृत्त गोदी कामगार क्लबातला सगळ्यात जुना सभासद. तो तापला.

"या देशात आपल्याइतकी तपासणी कुणाची होत नाही," तो म्हणाला. "पोलीस माझ्या घरात येतो, माझा डॉक्टर माझ्याबद्दल लिहून देतो. आणखी काय हवंय त्यांना, माझे दात मोजायचेत?"

सगळे हसले. बाई सहसा मीटिंगमध्ये बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"मी गोळ्या घ्यायला जाते तेव्हा दुकानदार आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करतो," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात तो माझ्याकडे पाहून घेतो. मी नीट बोलते आहे ना, रडून आले नाही ना, हात थरथरत नाहीत ना. मला ते बरं वाटतं. इंटरनेटला माझा गुडघा दिसत नाही, टेरी."

"मिसेस एस, तुमच्यासारखी माणसं सगळीकडे असती तर कायदे लागलेच नसते!"

"नियम नीट पाळला तर त्याचा त्रास होत नाही, एवढंच म्हणते मी. माझ्या घरात किल्ली कुठे आहे हे माझ्या नवऱ्याला दहा वर्षांत कळलेलं नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी जरा मान ताठ करून म्हटलं. नंतर पुष्कळ दिवस त्यांना ते आठवत राहिलं.

बाईंच्या सर्टिफिकेटची मुदत नोव्हेंबरात संपत होती. ऑक्टोबरअखेरच्या एका गुरुवारी पोलिसांचे तपासनीस मिस्टर प्रिचर्ड येणार होते. त्याच आठवड्यात शाळेला सुट्टी, म्हणून केंब्रिजहून नात आली होती. सान्वी, सात वर्षांची. तिची आई इरावती तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, आणि आईच्या घरात रायफल आहे हे तिला कधीच पटलेलं नाही. सान्वीला सोडून जाताना ती दारातच म्हणाली, "आई, ते लॉक्ड असतं ना? प्रॉमिस?"

"तुझ्या बाबांनासुद्धा उघडता येत नाही," बाई म्हणाल्या. "जा तू बिनघोर."

सोमवारी खंडेनवमी होती. बाई दुपारी पोहायला गेल्या. परत आल्या तेव्हा पूजा मांडून झाली होती, झेंडूचा नुसता ढीग. सान्वीने आपला रेकॉर्डर, शाळेत शिकवतात ती बासरी, तोही पाटावर ठेवला होता.

"आजी, मी सगळ्यांना फूल ठेवला!"

"ठेवलं," डॉक्टर म्हणाले.

"हो, ठेवलं. सगळ्यांना."

बाईंनी नमस्कार केला. रेकॉर्डर आता उद्यापर्यंत वाजणार नाही या आनंदात दुसरं काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी नऊला फोन वाजला. प्रिचर्ड होते. आज इकडेच एक काम निघालंय, गुरुवारऐवजी आत्ता अर्ध्या तासात आलं तर चालेल का? "या की," बाई म्हणाल्या. त्यांच्या घरात लपवण्यासारखं काय होतं? त्या बॉक्सरूम आवरायला वर निघाल्या. चहा पिता पिता डॉक्टर एकदम उठले आणि म्हणाले, "मी जरा बिस्किटं आहेत का बघतो." या माणसाला बिस्किटं कुठे असतात ते कधीपासून माहीत झालं, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. तेवढंच.

प्रिचर्ड हे वेल्सकडचे, पोलिसातून निवृत्त झालेले उंच गृहस्थ. न सांगता त्यांनी दारात बूट काढले. ते वर थांबले, बाई एकट्याच खाली जाऊन स्टुलावर चढल्या, किल्ली मुठीत घेऊन आल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. प्रिचर्डनी रायफलवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, भिंतीतले बोल्ट हलवून पाहिले. सगळं ठीक होतं. मग त्यांचं लक्ष बाईंच्या बोटांकडे गेलं. बोटं लाल झाली होती.

"गंज वाटतं," ते म्हणाले. "किल्ली ओलसर जागी ठेवता का? थोडं तेल लावा, म्हणजे झालं."

बाईंनी किल्लीकडे पाहिलं. दात्यांच्या खाचेत कुंकू बसलं होतं. कडीत झेंडूची एक पाकळी अडकली होती.

क्षणभर त्यांना काही कळेना. मग सगळं एकदम कळलं. फुलांचा ढीग, दुपारचं पोहणं, बिस्किटं. किल्ली रात्रभर पाटावर होती, देवघरात, ज्याला दारसुद्धा नाही. आणि सान्वी त्याच खोलीत सोफ्यावर झोपली होती.

नुसती मान हलवायची होती. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. गंज हा शब्द प्रिचर्डनी आयता दिला होता. ते कागद मिटायलाही लागले होते. मान हलवली असती तर नोव्हेंबरात नवीन सर्टिफिकेट आलं असतं, आणि रविवारची सकाळ पहिल्यासारखीच बाईंची राहिली असती.

"मिस्टर प्रिचर्ड," बाई म्हणाल्या, "हा गंज नाही. आमच्या पूजेतलं कुंकू आहे. आणि ते मी लावलेलं नाही."

मग त्यांनी जिन्यावरून हाक मारली, "अहो, जरा वर या."

डॉक्टर वर आले ते चेहरा पाडूनच. प्रिचर्डनी कागद पुन्हा उघडले.

"डॉक्टर, किल्ली कुठे असते हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"सात वर्षं झाली."

"सात!" बाई मराठीत म्हणाल्या.

"कसं कळलं?" प्रिचर्डनी विचारलं.

"ही दर रविवारी साबुदाण्याचा डबा काढते आणि खिचडी कधी होत नाही," डॉक्टर म्हणाले. "तीन वर्षं मी काही बोललो नाही. मग एकदा पाहिलं."

प्रिचर्डना साबुदाणा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो जागेवर आणला.

"कपाट कधी उघडलंत का?"

"नाही. या दारालाही कधी हात लावला नाही. वर्षातून एकदा फक्त किल्ली फुलांखाली ठेवायची आणि सकाळी धुऊन परत. रायफल ठेवू देत नाही, म्हणून तिच्या नावाने किल्ली. आज धुवायला वेळ मिळाला नाही."

"म्हणजे मी आलो हे बरं झालं की वाईट?" प्रिचर्ड म्हणाले. "आणखी कुणाला माहीत आहे?"

उत्तर जिन्यातून आलं.

"मला माहीत आहे!" सान्वी आरतीआधीच रेकॉर्डर उचलून वर येत होती. "ती की सागोच्या डब्यात असतो. मी त्याला पण फूल ठेवला."

कुणी तिचं मराठी सुधारलं नाही.

बाई स्टुलासारख्या एका खोक्यावर बसल्या. लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या काचपट्ट्यांवरचे डाग पाहिले होते; आपल्याच घरातला त्यांना दिसला नव्हता. नियम त्यांनी पाळला होता. पण नियम पाळणारी एकटीच असून भागत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

प्रिचर्ड शांतपणे बोलले. हे त्यांना लिहावं लागेल. निर्णय वरचे लोक घेतील. तोवर रायफल आणि गोळ्या ते सोबत नेतील, बाईंनी आपण होऊन दिल्या अशी नोंद करतील. "तुम्ही स्वतः सांगितलंत, तेही लिहितो," ते म्हणाले. निघताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "ड्रिल मशीनचीही पूजा करता?" आणि बूट घालता घालता म्हणाले, "माझ्या ड्रिलला गरज आहे."

रायफल गेली. कपाट उघडंच राहिलं, रिकामं.

संध्याकाळपर्यंत बाई बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी आपल्या हाताने चहा केला, त्यात साखर दोनदा घातली. शेवटी तेच म्हणाले, "अगं, मी काही वाईट..."

"तुम्ही वाईट केलंत असं मी म्हटलं का?"

"तू काहीच म्हणत नाहीयेस. तेच जास्त आहे."

"मी चाळीस माणसांपुढे मान ताठ करून सांगितलं, माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. इरूला दारात सांगितलं. आणि तुम्ही सात वर्षं..." त्या थांबल्या. "कशाला पण? मी तर त्याला शस्त्रही म्हणत नाही."

डॉक्टर कपाकडे बघत म्हणाले, "तू रविवारी तिकडून येतेस ना, तेव्हा जिना चढताना गुणगुणतेस. एरवी नाही. मला वाटलं, ज्या वस्तूने एवढं होतं तिला एक फूल वाहिलं तर काय बिघडलं?"

यावर बाईंना राग धरून ठेवणं जड गेलं. तरी त्यांनी तो दोन दिवस धरला. तेवढा आवश्यक होता. गुरुवारी इरावतीला फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू मला सांगितलंस. ओके. बाबांना दे फोन." बाबांचं बोलणं वीस मिनिटं चाललं. त्यात बाबा फक्त "हो" म्हणत होते.

रविवारी बाई क्लबात गेल्या. रायफल नव्हती, पण जायचं चुकवलं नाही. चहाच्या वेळी उभ्या राहून त्यांनी सांगून टाकलं.

टेरी म्हणाला, "म्हणजे मिसेस एस, कायदा लागत होता तो तुम्हालाच."

"हो. म्हणूनच सांगितलं."

पुढचे दोन महिने त्या दर रविवारी जाऊन दुसऱ्यांचे टार्गेटचे कागद तपासत बसल्या. भोक रेघेला लागलं की नाही हे भिंगातून पाहायचं काम; त्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी टेरी त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मी माझी किल्ली हलवली. बायकोला, जोनला विचारलं, तुला माहीत होतं का गं? म्हणाली, एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून." दोघं इतकं हसले की चटईवरच्या माणसाचा नेम चुकला आणि तो ओरडला. संघटनेला क्लबाने शेवटी दोन्ही मतं कळवली. दुकानदाराने गुडघा विचारावा हे मत आता टेरीचंही झालं होतं, फक्त तो ते स्वतःचं म्हणून सांगायचा.

जानेवारीत पत्र आलं. ताकीद होती, कडक शब्दांत. पण सर्टिफिकेट मिळालं होतं, एका अटीवर : किल्ली आकडे फिरवून उघडणाऱ्या छोट्या तिजोरीत ठेवायची, आणि आकडे फक्त बाईंना माहीत. डॉक्टरांनी ती तिजोरी आपल्या ड्रिल मशीनने भिंतीत बसवून दिली, आणि बाई आकडे लावत असताना न सांगता बागेत जाऊन उभे राहिले. बाहेर पाऊस होता. छत्री न्यायला ते विसरले होते. बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि आकडे लावायला मुद्दाम जरा जास्त वेळ घेतला.

त्याच संध्याकाळी त्यांनी वरच्या फळीवरचा डबा खाली काढून धुतला, नवा साबुदाणा आणून भिजवला. डॉक्टरांनी खिचडी दोनदा घेतली आणि रात्री गोळी घेतली. तक्रार केली नाही.

पुढच्या खंडेनवमीला सान्वी पुन्हा आली होती. पाटावर स्टेथोस्कोप, कात्र्या, ड्रिल, रेकॉर्डर. डॉक्टर हळदी-कुंकवाची वाटी घेऊन बसले. पाटाच्या मधोमध त्यांनी थोडी जागा रिकामी ठेवली होती.

बाई वर गेल्या. खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. त्या खाली आल्या तेव्हा उजवी मूठ मिटलेली होती. पाटापाशी बसून त्यांनी ती पुढे केली.

"उघडणार नाही," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मुठीवरच हळद लावली, कुंकू लावलं. सान्वीने बोटांच्या पेरांवर एक झेंडू ठेवला आणि तो पडू नये म्हणून धरून बसली.

"आजी, आत आहे ती?"

"आहे."

"देवाला दिसली नाही गं," डॉक्टर म्हणाले.

"देवाच्या नावावर सर्टिफिकेट नाही," बाई म्हणाल्या, आणि फूल सांभाळत, मूठ तशीच धरून जिना चढायला लागल्या. अर्ध्या जिन्यात त्या गुणगुणत होत्या. खाली डॉक्टरांनी सान्वीला खुणेने गप्प बसवलं आणि दोघं ऐकत राहिले.